कल्हई उडालेले नळ

पितळेच्या पातेल्यात ठेवलेले ताक कळकते, कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेची आमटी करायची नसते, आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीत ऐकू आली की भांडी मोजून बाहेर काढायची असतात, हे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भांड्यात घातलेला पदार्थ चांगला असला तरी भांडे त्याच्याशी काय करते हे पाहावे लागते, हा त्या व्यवहाराचा अर्थ. पिण्याच्या पाण्यातील शिसे आणि तांबे यांचा प्रश्न मुळात हाच आहे. येथे भांडे म्हणजे रस्त्याखालच्या मुख्य नळापासून घरापर्यंत आलेला जोडनळ, भिंतीतल्या नळ्या, त्यांचे सोल्डर केलेले सांधे आणि पितळेची तोटी. हे भांडे कोणी घासत नाही आणि आतून पाहतही नाही.

आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट ही द्रव्ये पाण्यात उगमापाशीच आलेली असतात, त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले तरी गावाला काय मिळते याची बरीचशी कल्पना येते. शिशाचे तसे नाही. केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात ते सहसा जवळजवळ नसतेच. शेवटच्या काही मीटरांत ते नळीतून पाण्यात उतरते. पाणी रात्रभर नळीत उभे राहिले तर अधिक उतरते आणि सकाळी थोडा वेळ तोटी सोडून ठेवली की कमी दिसू लागते. एकाच गल्लीतल्या दोन शेजारच्या घरांत, इतकेच नव्हे तर एकाच घरात सकाळी सहाला आणि दुपारी बाराला, निराळे आकडे येतात. म्हणून ‘शहराच्या पाण्यात शिसे किती?’ हा प्रश्न ऐकायला सरळ वाटला तरी फसवा आहे. कोणत्या घरातले, किती तास साचलेले आणि तोटी उघडल्यापासून कितवे लिटर, हे विचारल्याखेरीज उत्तराला अर्थ येत नाही. माझे म्हणणे असे की शिशाच्या बाबतीत कायद्यातल्या मर्यादेच्या आकड्यापेक्षा नमुना घेण्याची रीत अधिक महत्त्वाची आहे, आणि ती रीत पाणी पुरवणाऱ्याच्याच मर्जीवर सोडली तर आकडा कितीही कडक असला तरी तो लोकांचे रक्षण करीत नाही.

याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागडा अनुभव अमेरिकेने घेतला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ७ जून १९९१ रोजी शिसे आणि तांबे यांविषयीचा नियम प्रसिद्ध केला. त्याआधी शिशासाठी लिटरला ५० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा होती आणि ती पाणी वितरणव्यवस्थेत शिरते तेथे मोजली जाई, म्हणजे जेथे शिसे सापडण्याची शक्यता कमीत कमी, नेमके तेथे. नव्या नियमाने मोजमाप घरातल्या तोटीपाशी आणले. शिशाचे जोडनळ किंवा शिसेमिश्रित सोल्डर असलेली जोखमीची घरे निवडायची, पाणी किमान सहा तास नळीत उभे राहू द्यायचे आणि पहिले लिटर बाटलीत घ्यायचे, अशी ती पद्धत होती. एखाद्या व्यवस्थेने स्वतःची वाईटात वाईट बाजू मुद्दाम शोधून तपासावी असे सांगणारे नियम सरकारी व्यवहारात फार नसतात. या नियमावर पुढे जी टीका करायची आहे ती करण्यापूर्वी एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

पण त्याच नियमात पळवाटाही होत्या. जमवलेले नमुने चढत्या क्रमाने लावायचे आणि शंभरांपैकी नव्वदाव्या क्रमांकावरचा आकडा पाहायचा. तो शिशासाठी लिटरला १५ मायक्रोग्रॅम आणि तांब्यासाठी १.३ मिलिग्रॅम यांच्या वर गेला तरच पाणीपुरवठा खात्याने पुढील कारवाई करायची. याचा व्यवहारातला अर्थ असा की शंभरांपैकी दहा घरांत आकडा कितीही मोठा असला तरी नियमाच्या लेखी शहर ठीक. शिवाय १५ हा आकडा आरोग्याचा नव्हताच. शिशाबाबतचे आरोग्याचे ध्येय त्याच नियमात शून्य असे लिहिलेले होते. १५ हा आकडा गंजनियंत्रण केल्यावर बहुतेक शहरांना गाठता येईल अशा बेताने ठरवला होता. दोन्ही आकडे एकाच कागदावर असताना अधिकाऱ्यांच्या आणि वृत्तपत्रांच्या तोंडी मात्र ‘१५ च्या आत म्हणजे सुरक्षित’ असे समीकरण रुळले. लहान मुलाच्या रक्तातील शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही; त्याचा परिणाम बुद्धीवर, लक्ष देण्याच्या शक्तीवर आणि वागणुकीवर होतो, आणि तो बहुतांशी भरून येत नाही. बाटलीतले दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाचा जवळजवळ सगळा आहारच नळाच्या पाण्यात कालवलेला असतो. नव्वदाव्या क्रमांकाचा हिशोब अशा मुलाच्या आईला कोणत्या तोंडाने समजावून सांगायचा?

मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराची गोष्ट जगभर गाजली, पण ती बहुधा ‘घाणेरड्या नदीचे पाणी’ अशा ढोबळ रूपात सांगितली जाते. आर्थिक अडचणीतले ते शहर राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या ताब्यात होते. २५ एप्रिल २०१४ रोजी खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटमार्गे येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू करण्यात आले. या नदीच्या पाण्यात शिसे नव्हते. त्यात क्लोराइड जास्त होते आणि ते पाणी धातू खाणारे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेट्रॉइटच्या पाण्यात मिसळले जाणारे ऑर्थोफॉस्फेट फ्लिंटच्या केंद्रात मिसळलेच गेले नाही. हे द्रव्य नळीच्या आतल्या बाजूला न विरघळणारा एक पातळ थर धरून ठेवते. तो त्या नळाच्या कल्हईसारखाच असतो. ती कल्हई वर्षानुवर्षे टिकली होती ती रोज थोडी थोडी पुन्हा चढवली जात होती म्हणून. ते काम थांबल्यावर जुने थर सुटू लागले आणि त्यांच्यासोबत शिसे बाहेर आले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यासाठी हे पाणी घेणे बंद केले, कारण यंत्राचे भाग गंजत होते. माणसांना ते पाणी आणखी वर्षभर पाजले गेले.

आता मोजमापाकडे या. फ्लिंटमध्ये नियमानुसार नमुने घेतले जात होते. रहिवाशांना दिलेल्या सूचनांत मात्र आदल्या रात्री काही मिनिटे तोटी सोडून नळी धुऊन काढा, असे सांगितले होते. नमुन्यापूर्वी नळी धुतली की साचलेले कण वाहून जातात आणि सहा तास पाणी उभे ठेवण्याच्या अटीतला अर्थच निघून जातो. अक्षर पाळले जाते आणि हेतू गटारात जातो. इतर अनेक शहरांतही तोटीच्या टोकाची जाळी काढून ठेवा, अरुंद तोंडाची बाटली वापरा, प्रवाह मंद ठेवा अशा सूचना दिल्या जात, आणि त्या प्रत्येक सूचनेचा परिणाम आकडा खाली येण्यातच होई. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत फ्लिंटमधून ७१ नमुने गोळा झाले. त्यांचा नव्वदावा क्रमांक १५ च्या वर जात होता. राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांपैकी दोन नमुने नियमात बसत नाहीत म्हणून वगळले, आणि उरलेल्या ६९ नमुन्यांचा आकडा ११ वर आला. वगळलेल्यांपैकी एक नमुना ली-ॲन वॉल्टर्स यांच्या घरचा होता, जेथे १०४ मायक्रोग्रॅम शिसे आढळले होते. घरात गाळणी बसवलेली आहे हे तो वगळण्याचे कारण ठरले. गाळणी असूनही एवढे शिसे सापडते तर नमुना अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, हा साधा विचार त्या फायलीवर कोणाच्या मनात आला नसेल असे मला वाटत नाही. आला असेल, पण फायलीला ११ हा आकडा हवा होता.

सत्य बाहेर आले ते या यंत्रणेच्या बाहेरून. संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेतील मिगेल डेल टोरल यांनी जून २०१५ मध्ये अंतर्गत टिपण लिहिले. वॉल्टर्स यांच्या घरातील नळ्या प्लास्टिकच्या होत्या, म्हणजे शिसे जोडनळातूनच येत होते, हे त्यांनी दाखवून दिले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील मार्क एडवर्ड्स यांच्या चमूला त्याच घरातील एका नमुन्यात लिटरला १३,२०० मायक्रोग्रॅम शिसे सापडले. अमेरिकेत घातक कचरा ठरवण्याच्या चाचणीत शिशाची जी मर्यादा आहे, ती ५,००० आहे. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे जाहीर केले आणि ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. म्हणजे ज्या मोजमापाने धोका सर्वांत आधी सांगायचा, ते शेवटपर्यंत ‘सर्व ठीक’ म्हणत राहिले आणि लहान मुलांच्या रक्ताने मोजपट्टीचे काम केले. मोजणारा तोच, दंडाची भीती त्यालाच आणि नमुना कसा घ्यायचा हे ठरवणाराही तोच, अशी रचना असली की असे होण्यासाठी सगळे अधिकारी दुष्ट असावे लागत नाहीत.

फ्लिंट हा अपवाद होता असे म्हणणाऱ्यांना वॉशिंग्टन शहराची आठवण करून द्यावी लागते. तेथे नदी बदलली नव्हती. २००० च्या अखेरीस, जंतुनाशनातून तयार होणारे घातक उपपदार्थ कमी करण्याच्या चांगल्या हेतूने, क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरणे सुरू झाले. तीव्र क्लोरीनमुळे नळ्यांच्या आत शिशाच्या डायॉक्साइडचा टणक थर बसलेला होता. नव्या रसायनात तो विरघळू लागला आणि हजारो घरांत शिसे वाढले. नागरिकांना ते नीट कळले ते जानेवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी छापली तेव्हा. येथे एका नियमाचे पालन करताना दुसरा नियम मोडला गेला. यातून मी जो निष्कर्ष काढतो तो गंजनियंत्रणाच्या विरोधात नाही. ऑर्थोफॉस्फेट स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि शिशाचे नळ जमिनीत आहेत तोवर अटळही आहे. पण कल्हई ही कल्हई असते. पाण्याचा उगम बदलला, आम्लता बदलली, जंतुनाशक बदलले, शेजारी रस्ता खोदला गेला, की ती उडू शकते, आणि ती उडाल्याचे कळायला पुढच्या तपासणीची वाट पाहावी लागते. त्या मधल्या काळात घरात मूल जन्मलेले असू शकते.

म्हणून अखेरचा उपाय नळ काढणे हाच आहे. त्याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराने तो २००० च्या सुमारासच मोडून काढला. फॉस्फेट मिसळले तर शेवटी ते शहराच्या सरोवरांत जाऊन शेवाळ माजवील, म्हणून त्या शहराने शिशाचे सगळे जोडनळ बदलायचे ठरवले आणि सुमारे दहा वर्षांत ते काम पुरे केले. घरमालकाला निम्मा खर्च, कमाल हजार डॉलरपर्यंत, परत मिळे, आणि त्यासाठीचा पैसा पाण्याच्या टाक्यांवर मोबाइल कंपन्यांना अँटेना लावू देऊन मिळालेल्या भाड्यातून आला. पाण्याच्या टाकीने पाण्याच्या नळासाठी कमवावे, हे मला फार आवडलेले अर्थकारण आहे.

दुसरा आक्षेप मालकीचा. रस्त्यापासून हद्दीपर्यंतचा नळ शहराचा आणि हद्दीच्या आतला नळ मालकाचा, मग खासगी मालमत्तेवर सार्वजनिक पैसा का खर्चायचा? ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण शिकागोमध्ये शिशाचाच जोडनळ टाकला पाहिजे अशी शहराच्या इमारत नियमांचीच सक्ती होती, आणि ती १९८६ मध्ये देशभर बंदी येईपर्यंत चालू राहिली. शहराने सक्तीने पुरायला लावलेला नळ आज मालकाचा ‘खासगी प्रश्न’ कसा ठरतो? मालकीच्या या रेषेने प्रत्यक्ष अपायही केला आहे. १९९१ च्या नियमाखाली अनेक शहरांनी आपल्या हद्दीपुरताच नळ बदलला आणि मालकाच्या बाजूचे शिसे तसेच ठेवून त्याला तांब्याची नवी नळी जोडली. दोन धातूंच्या अशा जोडाने गंज वाढतो आणि कापताना सुटलेले कण घरात जातात. अर्धा नळ बदलल्यावर काही काळ शिसे आधीपेक्षा वाढते असे अनेकदा दिसले. न्यू जर्सीतील नेवार्क शहराने उलट मार्ग धरला. तेथे २०१७ पासून शिशाचे आकडे मर्यादेबाहेर गेले होते. २०१९ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, १२ कोटी डॉलरचे कर्ज उभारले; शहराने घरमालकाकडून एक पैसाही घेतला नाही, आणि मालक सापडत नसेल तर भाडेकरूच्या संमतीने काम करता येईल असा स्थानिक कायदा केला. तीन वर्षांच्या आत सुमारे २३ हजार नळ बदलले गेले. अशा जुन्या शहरांत भाड्याने राहणाऱ्यांना, आणि न्यू जर्सीत त्यांत मराठी माणसेही पुष्कळ आहेत, स्वतःचा जोडनळ कशाचा आहे हे ठाऊक नसते आणि तो बदलण्याचा अधिकारही नसतो. भाडेकरूच्या संमतीची ही तरतूद म्हणूनच मला कर्जाच्या रकमेइतकीच मोलाची वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने नियम पुन्हा सुधारला. कारवाईची पातळी १५ वरून १० वर आणली, बहुतेक शहरांना दहा वर्षांत शिशाचे नळ काढायला सांगितले आणि शिशाचा जोडनळ असलेल्या घरात पहिल्यासोबत पाचवे लिटरही घेणे बंधनकारक केले. या पाचव्या लिटराविषयी बातम्यांत फारसे आले नाही, पण माझ्या दृष्टीने सुधारणेचा गाभा तोच आहे. पहिले लिटर तोटीतले आणि ओट्याखालच्या नळीतले असते. जोडनळात रात्रभर उभे राहिलेले पाणी त्यानंतर येते. तीस वर्षे अमेरिका बहुतेक वेळा चुकीचे लिटर मोजत होती, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. या नियमाला पाणीपुरवठा संस्थांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले, आणि मुदत झेपणारी नाही हे तिचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. तरी नियम जाहीर करताना देशात असे ९० लाखांपर्यंत नळ असतील हा सरकारचा अंदाजच होता, मोजणी नव्हती. कोणत्या घराखाली काय पुरले आहे याची यादी करण्याची सक्ती २०२१ पर्यंत झालीच नव्हती. त्यामुळे मुदत कमी पडते या तक्रारीचे अर्धे उत्तर तक्रार करणाऱ्यांच्याच दप्तरात आहे.

तांब्याविषयी थोडक्यात. तांबे शरीराला अल्प प्रमाणात लागते, शिसे मुळीच लागत नाही. तांबे वाढले तर पाण्याला धातूची चव येते, बेसिनवर निळसर हिरवे डाग पडतात, मळमळते. विल्सनचा विकार असलेल्यांना, म्हणजे ज्यांच्या शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही त्यांना, मात्र ते खरोखर घातक ठरते. थोडक्यात, तांबे चोरी करताना आवाज करते आणि शिसे करत नाही. दोघांना एकाच नियमात बांधण्याचे कारण रसायनाचे आहे: पाणी धातू खाणारे असले की ते दोन्ही खाते, आणि निळे डाग दिसू लागले तर त्याच नळाचे सोल्डरही सुटत असेल अशी शंका घ्यायला हरकत नाही. तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याचे गुण गाणाऱ्यांनी त्या हंड्यात लिंबाचे सरबत ठेवून पाहावे. आपल्या आजीने ते कधी ठेवले नसते.

आता आपल्याकडे. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसला तरी तिच्यात सूट नाही. अमेरिकेला ज्या आकड्यावर यायला २०२४ उजाडले, तो आपल्या कागदावर बारा वर्षे आधीपासून आहे. पण रात्रभर साचलेले पाणी घ्या, जोखमीची घरे निवडा, तोटीवरचे पहिले लिटर घ्या, असे ते मानक सांगत नाही. आपल्याकडे शिशाच्या जोडनळांपेक्षा जुन्या जीआय नळांचा जस्ताचा मुलामा, पितळेचे स्वस्त कॉक आणि शिशाची संयुगे घालून केलेले पीव्हीसी पाइप यांची शंका अधिक घ्यावी लागते. पीव्हीसीतल्या या संयुगांवर निर्बंध घालणारे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले, पण त्याआधीचे पाइप भिंतींत आहेतच. दिवसातून दोन तास पाणी येणाऱ्या शहरांत ते उरलेला वेळ नळीत आणि गच्चीवरच्या टाकीत उभेच असते.

भारतात शिसे मुलांच्या शरीरात जाते ते मुख्यतः पाण्यातून नव्हे, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या, रंग, भेसळीचे मसाले, भांडी यांतून जाते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बराचसा खरा आहे. कल्हईच्या कथिलात शिसे मिसळण्याची लबाडीही जुनीच आहे. पण पाण्याचा वाटा लहान आहे असे म्हणण्यासाठी तो आधी योग्य जागी आणि योग्य वेळी मोजलेला असावा लागतो. फ्लिंटचा कागदोपत्री आकडाही ११ होता.

तेव्हा सुरुवात प्रत्येक घरापासून करायला नको; शाळा आणि अंगणवाड्यांपासून करावी. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-सात आठवडे शाळेच्या नळांत पाणी उभे असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते त्या सकाळी, घंटा होण्यापूर्वी, कोणीही तोटी सोडण्याआधी, मुले ज्या तोटीला तोंड लावतात तिचे पहिले लिटर रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावे. ते घेणारा माणूस पाणीपुरवठा खात्याचा नसावा, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असावी आणि आकडा जसा येईल तसा शाळेच्या फळ्यावर लागावा. एखादा नमुना वगळायचा असेल तर वगळणाऱ्याचे नाव आणि कारणही त्याच फळ्यावर असावे.